थंड टायरचा आकडा: गाडीच्या टायरांची तपासणी आणि निगा

मोटारीचं सगळं वजन रस्त्यावर चार जागी टेकतं आणि त्यातली प्रत्येक जागा जेमतेम तळहाताएवढी असते. ब्रेक दाबा, स्टिअरिंग वळवा, वेग वाढवा, ते सारं या चार तळहातांमधूनच रस्त्यापर्यंत पोचतं. ब्रेक कितीही नवे असले तरी टायरची पकड सुटली की त्यांचा उपयोग नाही.

टायर फुटला की दोष खिळ्याला किंवा खड्ड्याला दिला जातो. पुष्कळदा खरं कारण बऱ्याच आधीपासून चालू असतं. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त दुमडते आणि सरळ होते. मध्यम आकाराच्या मोटारीचं चाक ताशी ८० किलोमीटर वेगाला सेकंदाला साधारण ११ वेळा फिरतं. म्हणजे तेच रबर सेकंदाला ११ वेळा दुमडलं जातं. तार हातात धरून सारखी वाकवली की गरम होते, तसाच टायर आतून तापतो. उष्णतेने रबर आणि आतले धागे यांची पकड सैल होत जाते आणि एके दिवशी भर वेगात नक्षीचा (रस्त्याला टेकणाऱ्या खाचाखाचांच्या भागाचा) पट्टाच सुटतो किंवा बाजू फाटते. खड्डा फक्त निमित्त होतो. म्हणून टायरची निगा मुळात उष्णता आवरण्यासाठी असते आणि तिची सुरुवात हवेपासून होते.

हाताशी काय हवं

हवेचा दाब मोजायचा स्वतःचा गेज, नक्षीची खोली मोजायचा छोटा गेज, टॉर्च, खडू आणि साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली. एवढं पुरतं. यातला दाबाचा गेज सर्वांत महत्त्वाचा. हवा भरण्याच्या ठिकाणचं मीटर दिवसभर आपटतं, त्याची नळी ओढली जाते, त्यामुळे त्याचा आकडा दोन-चार पीएसआयने (पीएसआय म्हणजे पौंड प्रति चौरस इंच, हवेच्या दाबाचं एकक) चुकीचा असणं सहज शक्य आहे. स्वतःचा गेज डब्यात नीट ठेवलेला असतो आणि दर वेळी तोच वापरला की महिन्या-महिन्यातला फरक खरा कळतो.

बघून किंवा लाथ मारून हवा कळत नाही. आजच्या मोटारींना रेडियल टायर असतात, म्हणजे आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे गेलेले (फ्रान्सच्या मिशेलँ कंपनीने या रचनेचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं) आणि त्यांची बाजू पुरेशी हवा असतानाही खाली थोडी फुगलेलीच दिसते. ३२ ऐवजी २४ पीएसआय हवा असलेला टायर डोळ्यांना ठीक वाटतो. तो ठीक नसतो.

हवा: कोणता आकडा, केव्हा, कसा

योग्य दाब गाडी बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेला असतो. तो चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर, इंधनाच्या झाकणाच्या आत किंवा गाडीसोबतच्या पुस्तिकेत सापडतो. टायरच्या बाजूवर ‘कमाल दाब’ म्हणून जो आकडा उमटवलेला असतो तो टायर सोसू शकणाऱ्या दाबाचा असतो. आपल्या गाडीत किती हवा असावी याच्याशी त्याचा संबंध नाही. एकच टायर हलक्या गाडीलाही बसतो आणि जड गाडीलाही, मग टायरवरचा आकडा दोघींना कसा लागू पडेल? ही गल्लत फार होते आणि तिच्यामुळे हवा गरजेपेक्षा कितीतरी जास्त भरली जाते.

स्टिकर नीट वाचा. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे बरेचदा वेगळे असतात. दोन माणसांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा, असेही वेगळे असतात. लांबच्या प्रवासाला पाच जण आणि सामान घेऊन निघताना दुसरा आकडा लागू होतो, मुख्यतः मागच्या चाकांना. परत आल्यावर हवा पुन्हा पहिल्या आकड्यावर आणायची.

एककांचा घोळ टाळा. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय आणि १०० किलोपास्कल. त्यामुळे ३२ पीएसआय, २.२ बार आणि २२० किलोपास्कल हे जवळपास एकच.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी होती किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर सावकाश चालली आहे. चालून आलेल्या टायरमधली हवा तापते आणि दाब ४ ते ६ पीएसआय चढतो. तो चढायचाच असतो, कंपनीने ते गृहीत धरूनच आकडा दिलेला असतो. गरम टायरमध्ये ३६ दिसले म्हणून हवा सोडून ३२ वर आणली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे २८ सापडतील. गरम टायरमधली हवा कधीही सोडू नये. वाटेत तपासावंच लागलं आणि टायर गरम असूनही आकडा स्टिकरएवढा किंवा त्याहून खाली असेल, तर हवा नक्कीच कमी आहे. अशा वेळी स्टिकरच्या आकड्याहून ३-४ पीएसआय जास्त भरून घ्या आणि घरी आल्यावर टायर थंड असताना पुन्हा मोजा.

बाहेरचं तापमान ५-६ अंश सेल्सिअसने उतरलं की दाब साधारण १ पीएसआयने उतरतो. शिवाय रबरातून हवा आपोआप झिरपत असते, महिन्याला सुमारे १ ते २ पीएसआय. उन्हाळ्यात बरोबर भरलेली हवा थंडी पडेपर्यंत पाहिलीच नाही, तर दोन्ही कारणं मिळून ८-१० पीएसआयची तूट सहज पडते. म्हणून महिन्यातून एकदा, प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी आणि ऋतू बदलताना मोजणं आवश्यक आहे.

मोजण्याची पद्धत सोपी आहे, पण घाई करू नये. व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात ठेवा. जमिनीवर ठेवली तर तिच्यातली माती व्हॉल्व्हमध्ये जाते. गेज व्हॉल्व्हवर सरळ आणि एका झटक्यात दाबा. फुसफुस आवाज येत राहिला तर गेज तिरका बसला आहे आणि आकडा कमी दिसेल. दोनदा मोजा, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. भरताना एक-दोन पीएसआय जास्त भरून मग गेजने मोजत सोडत खाली आणणं सोयीचं पडतं. शेवटी व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. बुडबुडा फुगू लागला तर आतली पिन सैल आहे किंवा खराब झाली आहे. ती पिनच्या छोट्या पान्याने घट्ट होते, नाहीतर बदलता येते. मग टोपी परत लावा. टोपी धूळ-पाणी आत जाऊ देत नाही आणि पिन गळू लागली तर दुसरा अडसर होते. दाबाचा सेन्सर असलेल्या धातूच्या व्हॉल्व्हला प्लास्टिकचीच टोपी लावावी. धातूची टोपी गंजून तिथेच जाम होते आणि काढताना व्हॉल्व्ह तुटतो.

चारांपैकी एकाच टायरची हवा दर महिन्याला इतरांपेक्षा जास्त उतरत असेल तर नुसती भरत राहू नका. नक्षीवर, व्हॉल्व्हच्या मुळाशी आणि रिमच्या कडेला साबणाचं पाणी फवारून दोन-तीन मिनिटं बघा. बारीक गळतीचे बुडबुडे लगेच दिसत नाहीत, हळूहळू पांढरा फेस जमतो. नक्षीत फेस आला तर खिळा किंवा काच आहे. रिमच्या कडेला आला तर रिम गंजली आहे किंवा आपटून वाकली आहे. व्हॉल्व्हच्या मुळाशी आला तर त्याचं रबर चिरलं आहे. रबरी व्हॉल्व्ह टायर बदलताना प्रत्येक वेळी नवा घालावा. जुना तसाच ठेवून वाचतं ते अगदी किरकोळ, आणि भर रस्त्यात तो चिरला तर सगळी हवा जाते.

हवा कमी झाल्याचा दिवा डॅशबोर्डवर असला तरी गेज लागतोच. अनेक गाड्यांत हा दिवा शिफारशीपेक्षा २० ते २५ टक्के हवा कमी झाल्यावर लागतो. ३२ चे २४ होईपर्यंत तो गप्प राहू शकतो आणि तोवर टायर तापत राहिलेला असतो. काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच. चाकांच्या फिरण्याच्या वेगातल्या फरकावरून गाडी अंदाज करते. चारही टायरांची हवा सारखी उतरली तर या पद्धतीला ते कळण्याची खात्री नसते. अशा गाडीत हवा भरल्यावर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे यंत्रणा रीसेट करावी लागते, नाहीतर ती जुन्या चुकीच्या दाबालाच बरोबर मानून बसते.

नायट्रोजनबद्दल थोडक्यात: साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा सावकाश झिरपतो, त्याने नुकसान काहीच नाही. मात्र नायट्रोजन भरला म्हणून महिन्याची तपासणी सुटत नाही, आणि हवा कमी दिसली तर त्यात साधी हवा भरायला अजिबात हरकत नाही.

नक्षी: किती उरली

नक्षीचं काम पाणी बाहेर काढण्याचं. कोरड्या, स्वच्छ डांबरावर घासलेला टायरही बऱ्यापैकी धरतो, त्यामुळेच माणूस फसतो. पाऊस पडला की फरक उघडा होतो.

नव्या मोटारीच्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. बहुतेक देशांत कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. ती ओळखता यावी म्हणून मुख्य खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीच्या आडव्या रबरी पट्ट्या असतात. त्या कुठे आहेत हे टायरच्या खांद्यावरच्या (नक्षी आणि बाजू जिथे मिळतात त्या कडेवरच्या) बारीक त्रिकोणावरून किंवा टीडब्ल्यूआय या अक्षरांवरून सापडतं. नक्षी घासून या पट्ट्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण तिथपर्यंत थांबू नये. पावसात गाडी चालवणार असाल तर ३ मिलिमीटरला टायर बदलण्याची तयारी करावी. बर्फाच्या प्रदेशात ही मर्यादा ४ मिलिमीटर धरतात.

मोजताना गेजची सुई खाचेत उतरवा, पण त्या आडव्या पट्टीवर टेकवू नका. प्रत्येक टायरवर तीन आकडे घ्या: आतली कड, मध्य आणि बाहेरची कड. मग गाडी थोडी पुढे घेऊन आणखी दोन ठिकाणी तेच करा. आतली कड मोजायला स्टिअरिंग पूर्ण वळवावं लागतं किंवा टॉर्च घेऊन वाकावं लागतं. हा कंटाळा करू नये, कारण बाहेरून छान दिसणाऱ्या टायरची आतली कड घासून तार दिसू लागल्याची उदाहरणं नेहमीची आहेत. आकडे तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी कोणता टायर कुठे जास्त झिजतोय ते वहीच सांगते.

पाण्यावर गाडी तरंगण्याचा धोका नक्षीएवढाच हवेशीही जोडलेला आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेत १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर झालेल्या अभ्यासातून एक ढोबळ सूत्र निघालं: भरपूर पाणी साचलेल्या पृष्ठभागावर नक्षी निकामी असेल तर टायर ज्या वेगाला पाण्यावर उचलला जातो, तो वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या सूत्राने ३२ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर निघतो आणि २२ पीएसआयला सुमारे ७८. मोटारीच्या रुंद, चपट्या टायरला हे आकडे काटेकोर लागू होत नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे. गुळगुळीत टायर आणि कमी हवा एकत्र आली की पावसात गाडी लवकर सुटते. स्टिअरिंग अचानक हलकं झालं तर ब्रेक मारू नका, चाक वळवू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि टायर पुन्हा रस्त्याला लागेपर्यंत स्टिअरिंग सरळ धरा.

झीज वाचणं

टायर कसा झिजला आहे यावरून गाडीत काय बिघडलं आहे ते कळतं. नवा टायर घालण्याआधी जुन्याची झीज वाचली नाही, तर नवाही त्याच वाटेने जातो.

दोन्ही कडा घासल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी राहिली. मध्य घासला आणि कडा शाबूत, तर हवा जास्त राहिली. अशा टायरचा रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो आणि खड्ड्यात आपटल्यावर आतले धागे लवकर तुटतात. फक्त एकच कड घासली असेल, आत आणि बाहेर दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर चाकाचे कोन बिघडले आहेत. व्हील अलाइनमेंट करून घ्या, पण त्याआधी बॉल जॉइंट, टाय रॉड आणि बुश (चाक धरून ठेवणारे सांधे आणि दांडे) तपासायला सांगा. हे भाग ढिले असतील तर अलाइनमेंट त्याच दिवशी पुन्हा बिघडते.

नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत. (आधी तार किंवा काच नाही ना ते नजरेने पाहून घ्या.) एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचत असेल, तर चाकं एकमेकांना समांतर नाहीत, टो चुकला आहे. डोळ्यांना न दिसणारी ही खूण हाताला लगेच कळते. आता तळहात गोल दिशेने फिरवा. मध्ये मध्ये खोलगट वाट्यांसारखे खड्डे लागले तर बहुतेकदा शॉकअप थकला आहे किंवा चाकाचं बॅलन्सिंग, म्हणजे सगळीकडे सारखं वाटलेलं वजन, गेलं आहे. असा टायर वेगात घूं-घूं असा आवाज करतो आणि लोक बेअरिंग बदलून बसतात. एकाच जागी सपाट चट्टा असेल तर चाक ब्रेकखाली घसटत गेलं आहे.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग यांची सरमिसळ नेहमी होते. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, सरळ जाताना स्टिअरिंग तिरकं राहतं, टायर कडेने झिजतो. बॅलन्सिंग बिघडलं की ताशी ८० ते ११० किलोमीटरच्या आसपास थरथर सुरू होते. पुढच्या चाकाची थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवते, मागच्याची सीटमध्ये. रिमवरची शिशाची किंवा जस्ताची छोटी वजनं पडणं हे याचं साधं कारण. चिखलाचा थर रिमच्या आत वाळून बसला तरी हेच होतं, म्हणून बॅलन्सिंगआधी रिम आतून धुवा.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर सर्वांत आधी हवा मोजा. हवा सारखी असूनही ओढत असेल तर पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावून पाहा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये आहे. तशीच राहिली तर अलाइनमेंट किंवा अडकलेला ब्रेक बघा. (नक्षीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल करू नये.)

जखमा: कोणती बरी होते, कोणती नाही

टायर सावकाश फिरवत, टॉर्चच्या उजेडात दोन्ही बाजू पाहा. जिथून सुरुवात केली तिथे खडूने खूण करा, म्हणजे पूर्ण फेरा झाल्याचं कळतं. खाचांमध्ये अडकलेले खडे स्क्रूड्रायव्हरने काढून टाका. खिळा दिसला तर मात्र तिथेच उपटू नका. बरेचदा तोच भोक बुजवून हवा धरून ठेवत असतो. दाब मोजा, लागल्यास भरा आणि सावकाश पंक्चरवाल्यापर्यंत जा.

बाजूला फुगा आला असेल तर चर्चा संपली. आतले धागे तुटले आहेत आणि हवेला फक्त रबराच्या पातळ थराने अडवलं आहे. त्याला पॅच नाही, उपाय नाही. तो टायर काढून स्टेपनी लावायची आणि तो पुन्हा वापरायचा नाही. बाजूच्या चिरेतून धागा किंवा तार दिसत असेल तरी हाच निर्णय. बाजूवरची हलकी, उथळ खोलगट रेष मात्र कित्येकदा जन्मापासूनची असते. धाग्यांचे थर जिथे एकमेकांवर येतात तिथे ती दिसते आणि निरुपद्रवी असते. फुगा बाहेर येतो, ही रेष आत असते.

पंक्चर दुरुस्तीची हद्द अशी: भोक नक्षीच्या मधल्या भागात हवं आणि ६ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. खांद्यावर किंवा बाजूला पंक्चर असेल तर तो टायर दुरुस्त करायचा नसतो, कारण तो भाग सतत दुमडतो आणि पॅच टिकत नाही. टायर रिमवर असतानाच बाहेरून दोरी घुसवून पंक्चर काढतात, ती सोय घरी पोचण्यापुरती समजावी. भोकाच्या वाटेने शिरलेलं पाणी आतल्या तारांना गंजवतं आणि दोरी ते थांबवत नाही. नीट दुरुस्तीसाठी टायर रिमवरून उतरवतात, आतली जागा घासून साफ करतात आणि आतून मश्रूम पॅच लावतात. त्याचा देठ भोक भरतो आणि छत्री आतून झाकते.

टायर उतरवण्यात आणखी एक फायदा आहे. आत काळ्या रबराचा भुगा सापडला किंवा बाजूला आतून गोल घासलेली रेघ दिसली, तर तो टायर हवा नसताना चालवला गेला आहे. पंक्चर कितीही छोटं असो, असा टायर टाकून द्या. बाहेरून तो पूर्ण धडधाकट दिसतो आणि म्हणूनच सर्वांत धोकादायक असतो. हवा गेल्यावर ‘जरा पुढे दुकान आहे’ म्हणत दोन किलोमीटर चालवणं टायरला एवढं महाग पडतं.

पंक्चर बुजवणारं द्रव भरलं असेल तर ते तात्पुरतं आहे. बाटलीवरची वेगमर्यादा पाळा, बाटलीची मुदत अधूनमधून बघा आणि दुरुस्ती करणाऱ्याला टायर उघडण्याआधी सांगा.

वय आणि बाजूवरची अक्षरं

नक्षी भरपूर असूनही टायर म्हातारा होतो. हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि ऊन रबराला कडक करतात. बाजूवर आणि खाचांच्या तळाशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसू लागतात. वय शोधायला डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ पाहा. तिचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. हे चार अंक टायरच्या एकाच बाजूला असू शकतात. बाहेर दिसले नाहीत तर आतल्या बाजूला पाहा. तीनच अंक असतील तर टायर २००० सालाआधीचा आहे, तो कोणत्याही गाडीवर नको.

पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा. काही गाडी-कंपन्या सहा वर्षांनी बदलायला सांगतात आणि दहा वर्षं ही टायर-कंपन्यांनी साधारणपणे सांगितलेली शेवटची हद्द आहे. स्टेपनीलाही ती लागू आहे.

आकार असा वाचायचा: १९५/६५ आर १५ ९१ एच. रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १५ इंच. ९१ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. टी म्हणजे १९० आणि व्ही म्हणजे २४०. नवा टायर घेताना भाराचा आकडा गाडीला नेमून दिलेल्या आकड्यापेक्षा कमी चालत नाही. वेग कमी ठेवू म्हणून भार कमी असलेला टायर घेणं हा तर उष्णतेला सरळ आमंत्रण देण्याचा मार्ग.

जागा बदलणं

पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर झपाट्याने झिजतात, कारण ओढणं, वळणं आणि ब्रेकचा मोठा वाटा त्यांच्यावरच असतो. दर ८ ते १० हजार किलोमीटरला जागा बदला: पुढचे टायर सरळ मागे जातात, मागचे तिरके पुढे येतात. मागच्या चाकांनी किंवा चारही चाकांनी चालणाऱ्या गाडीत याच्या उलट: मागचे सरळ पुढे, पुढचे तिरके मागे. दिशेचा बाण असलेले टायर फक्त त्याच बाजूला पुढे-मागे करायचे. पुढे-मागे वेगळ्या आकाराचे टायर असतील तर हा प्रश्नच येत नाही. जागा बदलल्यावर हवा नव्या जागेच्या आकड्याप्रमाणे भरायला विसरू नका.

दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. हे अनेकांना पटत नाही. पण ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केला की बहुतेकदा आवरते. मागची सुटली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि ती आवरणं सराईत चालकालाही कठीण जातं.

दुचाकीसाठी वेगळं काय

दुचाकीला दोनच चाकं, म्हणून एका टायरची चूक पोटात घालायला दुसरं काही नसतं. हवा महिन्याऐवजी आठवड्याला बघा. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो, तोही पुस्तिकेतून घ्या. मागचा टायर मधोमध सपाट घासला की वळताना गाडी अडखळते आणि मग एकदम झुकते. नक्षी उरलेली असली तरी तो टायर बदलण्याच्या जवळ आला आहे. तारांच्या चाकात प्रत्येक तारेवर पान्याने हलकेच टकटक करा. बाकीच्या टणटणीत वाजतात आणि एखादी बद्द आवाज देते, ती सैल आहे. ट्यूब असलेल्या टायरमध्ये व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसला तर टायर रिमवर सरकला आहे आणि ट्यूब ओढली जाते आहे. बहुतेकदा हवा कमी असल्याचा हा परिणाम असतो.

स्टेपनी, नट, उभी गाडी

स्टेपनीची हवा दर वेळी बाकीच्यांबरोबर मोजा. पूर्ण आकाराची असेल तर स्टिकरवरच्या सर्वांत मोठ्या आकड्याएवढी भरून ठेवा. रस्त्यात हवा सोडता येते, भरता येत नाही. अरुंद तात्पुरती स्टेपनी असेल तर तिला सहसा ६० पीएसआय, म्हणजे ४.२ बार हवा लागते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचं नसतं. नेमके आकडे तिच्यावरच छापलेले असतात.

चाक बदलताना जागा सपाट आणि टणक हवी. हँडब्रेक लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, तिरक्या समोरच्या चाकाला दगड किंवा अडसर लावा. नट गाडी उचलण्याआधीच अर्धा फेरा सैल करा. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा, जॅक निसटला तर गाडी त्याच्यावर बसेल. जॅकवरच्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. नवं चाक लावताना नट हाताने बसवा, समोरासमोरच्या क्रमाने आवळा, गाडी खाली घ्या आणि मग पुन्हा त्याच क्रमाने पक्के करा. अनेक लहान-मध्यम मोटारींना ९० ते १२० न्यूटन-मीटर (पिळाच्या जोराचं एकक) ताकद लागते, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. पान्यावर उभं राहून नट आवळले तर स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) ताणला जातो आणि ब्रेकची तबकडी वाकू शकते. नटांच्या आट्यांना ग्रीस लावू नये, त्याने तेवढ्याच जोराने नट जास्त आवळला जातो. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासा.

गाडी महिनाभर किंवा जास्त उभी राहणार असेल तर हवा पूर्ण ठेवा आणि अधूनमधून गाडी हातभर पुढे-मागे करा. एकाच जागी दबून टायरला सपाटी येते. थोड्या दिवसांची सपाटी १५-२० किलोमीटर चालल्यावर टायर तापला की जाते, महिनोन् महिन्यांची कायमची राहते. सुटे टायर अंधाऱ्या, थंड, कोरड्या जागी ठेवा. पंपासारख्या यंत्रांच्या विजेच्या मोटर आणि वेल्डिंग यांपासून लांब, कारण त्यांच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो. रिमसह असतील तर एकावर एक आडवे रचा किंवा टांगा. रिमशिवाय असतील तर उभे ठेवून महिन्याला थोडे फिरवा. टायर धुवायला साधा साबण आणि पाणी बस. डिझेल, रॉकेल किंवा तेलकट चमक आणणारी द्रव्यं रबरातली संरक्षक द्रव्यं ओढून घेतात, आणि काळाभोर चमकणारा टायर आतून लवकर भेगाळतो.